माझ्या हातची दवा-दारू

तपकिरी बाटलीतलं दीड टोपण, लालमधलं एक, काळपटमधलं एक. नऊ वर्षं मी हे माप रोज संध्याकाळी घेतलं आणि एकदाही चुकले नाही. डाळीत मीठ चुकेल, देवापुढची वात लावायची राहील, पण ह्यांचं औषध नाही.

करायची रीत सांगते. स्टीलचा उंच पेला घ्यायचा, त्यात चार खडे बर्फ. तिन्ही मापं ओतायची आणि लोणच्याच्या लांब दांड्याच्या चमच्याने ढवळायचं. घुसळायचं नाही हं, ढवळायचं. चमचा पेल्याच्या कडेकडेने फिरला पाहिजे, बर्फ वाजता कामा नये. पेल्याला बाहेरून घाम फुटला की समजायचं, झालं. मग चहाच्या गाळणीने काचेच्या बुटक्या ग्लासात गाळायचं आणि संत्र्याच्या सालीची एक पट्टी ग्लासावर धरून पिळायची. सालीतून बारीक फवारा उडतो, तो वर बसला पाहिजे. सालीचा पांढरा भाग काढून टाकायचा, तो उगाच कडू. कडूपणा लाल बाटलीत हवा तेवढा असतो, आणि काळपट बाटली त्याला गोडीने सांभाळून घेते.

हे मला ह्यांच्या डॉक्टर मित्राने फोनवर शिकवलं. ते कॅन्टोन्मेंटकडे राहतात, आता प्रॅक्टिस करत नाहीत, मुलगा परदेशात. ह्यांची भूक गेली होती, झोप उडाली होती, आणि म्हणे हाताला कंप सुटला होता. तेव्हा ह्यांनी एक दिवस कापडी थैली आणून माझ्यासमोर ठेवली. "डॉक्टरांनी दिलंय. काढ बाटल्या बाहेर." बाटल्या साध्या, औषधाच्या दुकानात असतात तशा, वर कागदाच्या चिठ्ठ्या: एक, दोन, तीन. "मला ओतता येणार नाही गं, सांडेल. तूच करून देत जा." मग डॉक्टरांचा फोन. "भाभीजी, दवा कड़वी है, पर आपके हाथ से मीठी हो जाएगी." पुढे कधीही फोन केला की पहिला प्रश्न हाच: "दवा-दारू बराबर चल रही है न?" मी म्हणायची, "हां, एकदम बराबर." आणि पलीकडून खो खो हसणं. मला वाटायचं, केवढा हसतमुख माणूस! बनारसमध्ये औषधोपचाराला सगळे दवा-दारूच म्हणतात, आपल्या मराठीतही म्हणतात. त्यात मी काय वेगळं ऐकणार होते?

तुम्ही म्हणाल, बाई, तुला वास आला नाही? आला की. पण द्राक्षासवालाही तसाच येतो, कुमारीआसवालाही. माझ्या सासरी कपाटभर आसवं आणि अरिष्टं असायची. सासरे धर्मशास्त्री, पंचगंगा घाटावरच्या गल्लीत त्यांच्याकडे लोक व्यवस्था विचारायला यायचे. म्हणजे व्रतात हे चालतं का, उपास चुकून मोडला तर काय करायचं, सुतकात पाहुणा आला तर काय. सासरे शब्दाला शब्द लावून वाट काढून द्यायचे. त्या घरात दारूचा विचारसुद्धा कोणी केला नसता. आम्ही आता त्याच गल्लीत दुसऱ्या मजल्यावर भाड्याने राहतो, ह्यांची सरकारी नोकरी झाली, पेन्शन आहे, दोघंच आहोत.

आणि मुख्य म्हणजे शपथ होती.

माझे वडील ग्वाल्हेरला दारूने गेले. आईने काय काय सोसलं ते लिहीत नाही, ती गेली, तिच्याबरोबर ते जाऊ दे. लग्नानंतर पहिल्याच कार्तिकात मी ह्यांना म्हटलं, मला बाकी काही नको, दागिना नको, साडी नको, पण एक वचन द्या. पहाटे पंचगंगेवर स्नानाला गेलो होतो. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, ओंजळीत पाणी घेऊन हे म्हणाले, "दारूच्या बाटलीला जन्मात हात लावणार नाही." मी म्हटलं, "पिणार नाही, असं म्हणा ना." तर म्हणाले, "अगं वेडे, बाटलीलाच हात नाही तर पिणार कशी? हे त्याहून कडक झालं." किती बरं वाटलं मला! वाटलं, शास्त्र्याच्या घरात पडले, नशीब काढलं.

तर मी नऊ वर्षं ढवळत होते. आणि काही गोष्ट रोज केली की माणूस त्यात स्वतःचं घालायला लागतोच. उन्हाळ्यात तिन्ही मापं कमी करून उंच ग्लासात घालायची आणि वरून सोडा. हे म्हणायचे, वा. थंडीत सालीची पट्टी गॅसच्या आचेवर क्षणभर धरून मग पिळायची, घरभर संत्र्याचा खमंग वास. एकदा लाल बाटली संपली आणि डॉक्टर मुलाकडे गेलेले, तेव्हा मी चिराईत रात्रभर भिजवून त्याचं पाणी घातलं. काळपटच्या जागी अर्धं टोपण मोरावळ्याचा पाक घालून पाहिला. तो इतका आवडला की डॉक्टरांनी मुद्दाम फोन करून कृती विचारली. एकदा तपकिरीऐवजी पाण्यासारखी पांढरी बाटली आली, त्याचंही मी जमवून दिलं. स्वतः चाखलं नाही कधी. दुसऱ्याचं औषध चाखू नये असं आई सांगायची. नुसतं रंगावर आणि वासावर जायची मी. आणि खोटं कशाला बोलू, मला अभिमान होता. ग्लास हातात दिला की हे डोळे मिटून पहिला घोट घ्यायचे आणि म्हणायचे, "तुझ्या हाताला गुण आहे." नवऱ्याने बायकोला म्हणावं असं याहून दुसरं काय असतं?

आता भावाचं सांगते, कारण सगळं तिथेच जाऊन लागतं.

मला एकच भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी धाकटा. ग्वाल्हेरला शाळेत चित्रकला शिकवायचा. वडिलांचा चित्रं काढायचा हातही त्याला आला आणि वडिलांचं व्यसनही. दर भाऊबीजेला यायचा. पिऊन आला नाही कधी, पण दोन दिवस राहिला की तिसऱ्या दिवशी घाटाकडे जाऊन येतो म्हणायचा आणि आला की डोळे लाल. मी एकदा त्याला साफ सांगितलं, या घरात वास आला तर मी ओवाळणार नाही. हे शेजारी बसून मान हलवत होते.

पाच वर्षांपूर्वीची भाऊबीज. गाडी उशिरा आली होती. मी ह्यांचं औषध करून दिलं, हात धुतले, ताट तयार केलं. निरांजन, सुपारी, करंज्या. दार वाजलं. उघडलं तर भाऊ उभा. केस नीट कापलेले, पांढरा कुर्ता, हातात मिठाईचा डबा. म्हणाला, "ताई, सोडली गं. सहा महिने झाले. तुला समोर येऊनच सांगायचं म्हणून फोनवर बोललो नाही."

आणि त्याच क्षणी मला वास आला.

वडिलांच्या सदऱ्याला यायचा तो. चुकायचाच नाही. माझ्या हातात पेटलेलं निरांजन आणि समोर माझा भाऊ, सोडली म्हणून सांगतोय, आणि वास. मला वाटलं, हा आता खोटंही बोलायला लागला. वडीलही असंच म्हणायचे, सहा महिने झाले, शपथ. मी म्हटलं, "दारातून परत फीर. आत पाऊल टाकू नकोस."

तो म्हणाला, "ताई, अगं..." आणि मग थांबला. माझ्या खांद्यावरून मागे बघत राहिला. मागे हे उभे होते, ग्लास संपवून आलेले. हे म्हणाले, "ती म्हणते ते बरोबर आहे. शब्द म्हणजे शब्द."

भावाने ह्यांच्याकडे खूप वेळ पाहिलं. मिठाईचा डबा उंबऱ्यावर ठेवला आणि जिना उतरून गेला. त्यानंतर त्याचा फोन नाही, माझा नाही. भाऊ नसलेल्या बायका भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. भाऊ असून मी गच्चीवर जाऊन चार वर्षं चंद्राला ओवाळलं. शेजारणीने विचारलं, "दीदी, भैया नहीं आए?" मी म्हटलं, तबियत ठीक नाही.

मागच्या महिन्यात पुतणी आली. ह्यांच्या धाकट्या भावाची मुलगी, पुण्याला एका हॉटेलात कामाला आहे. काय काम करते ते घरात कोणी स्पष्ट बोलत नाही, "हॉटेल लाइन" म्हणतात. पोरगी गोड. आल्या आल्या कचौडी खाऊन आली आणि माझ्या मराठीला हसायला लागली. "काकू, तुम्ही 'सब्जी आणली' म्हणता!" मी म्हटलं, "मग काय, तुमच्यासारखं 'सीरियसली आणली' म्हणू?"

संध्याकाळी हे घाटावर फिरायला गेलेले, यायची वेळ झालेली. मी पेला काढला, बर्फ घातला, तीन मापं ओतली. ती ओट्याला टेकून भेंडीचे देठ काढत होती. बघता बघता तिचा हात थांबला.

"काकू, हे कुठे शिकलात?"

"काय?"

"हे ढवळणं. बर्फाचा आवाजसुद्धा येत नाही. मला हे जमायला दोन वर्षं गेली." तिने पेला नाकाशी नेला आणि हसत सुटली. "अहो काकू! बूलवार्दिए! काशीत! पंचगंगेवर!"

"कुणाला बुलावा दिला?"

"बूलवार्दिए हो. कॉकटेल. बोर्बन, ही लाल कडू बाटली आणि ही काळपट, गोड वर्मूथ वाइन."

"बोर्बन म्हणजे ते चॉकलेटचं बिस्कीट ना?"

ती आणखी हसली. तिला वाटलं, काकू मस्करी करते. म्हणाली, "बिस्कीट नाही, अमेरिकन व्हिस्की. मक्याची." आणि मग सुटलीच, मी काय काय घालते ते विचारत. सोडा घालता? तो उन्हाळ्याचा झाला. पांढरी बाटली घातली होती? ती जिन, ते झालं निग्रोनी. बोर्बनच्या जागी राय व्हिस्की घालून बघा. मोरावळ्याचा पाक? काकू, हे तर कोणाच्या डोक्यात आलं नसतं, आमच्याकडे हे ठेवलं तर लोक रांग लावतील. ती बोटांवर माझे सगळे प्रकार मोजत होती, प्रत्येकाला नाव देत होती, आणि मी चमचा धरून उभी होते. नऊ वर्षांत कोणी माझं एवढं कौतुक केलं नव्हतं. आणि प्रत्येक कौतुकासरशी माझ्या पायाखालची एकेक पायरी निघून चालली होती.

मी विचारलं, "म्हणजे ही दारू आहे?"

तेव्हा तिने माझं तोंड पाहिलं. हसू गेलं तिचं. "काकू, तुम्हाला माहीत नव्हतं?"

जिन्यावर ह्यांच्या काठीचा आवाज आला. पुतणी म्हणाली, मी गच्चीवर जाते. शहाणी पोर.

हे येऊन खुर्चीत बसले, चपला सरकवल्या, हात पुढे केला. मी त्यांचा हात रिकामाच ठेवला. पेल्याकडे बोट दाखवून म्हटलं, "यात काय आहे?"

"औषध."

"ती पोरगी म्हणते, दारू आहे."

मला वाटलं होतं, खाली बघतील, चुकलो म्हणतील. तर कसलं काय! सरळ बसले, सासरे व्यवस्था द्यायला बसायचे तसे. म्हणाले, "मी खोटं काय बोललो? डॉक्टरांनीच दिलं होतं."

"आणि गंगेतली शपथ?"

"तीही मोडली नाही." आवाजात ताठा होता हो, लाज नव्हती. "बाटलीला हात लावणार नाही म्हटलं होतं. नऊ वर्षांत एकदा तरी मला बाटलीला हात लावताना पाहिलंस? थैली आणली. बाटल्या तू काढल्यास. ओतलं तू. मी ग्लासच उचलला."

तिथे मला सगळं दिसलं. हाताचा कंप! विड्याला चुना लावताना ज्यांचं बोट कधी हललं नाही, बशीतून चहा पिताना थेंब सांडला नाही, त्यांना फक्त संध्याकाळी बाटलीपुढे कंप सुटायचा. ह्यांना माझ्या हाताचा गुण नको होता. ह्यांना माझा हातच हवा होता, शपथ आणि ग्लास यांच्या मधे घालायला. माझ्या बापाला खाऊन टाकलं त्या दारूने, आणि तीच मी रोज वात लावल्यासारखी निष्ठेने ढवळत होते, साल शेकून, मोरावळा घालून.

एवढ्यावर मी कदाचित रडले असते, दोन दिवस अबोला धरला असता आणि संपलं असतं. चाळीस वर्षांच्या संसारात बायका याहून मोठं गिळतात. पण मला दार आठवलं.

मी म्हटलं, "भाऊबीजेला तो दारात आला, तेव्हा वास कुणाचा होता?"

हे काठी उचलून भिंतीला टेकवायला लागले.

"तुम्ही माझ्या मागे उभे होतात. खांद्याशी. तो हातभर लांब उंबऱ्याबाहेर होता. वास कुणाचा होता?"

"अगं, तेव्हा सगळं इतकं पटकन झालं..."

"शब्द म्हणजे शब्द म्हणालात. पटकन सुचलं ते तुम्हाला."

हे खिडकीतून बाहेर बघायला लागले. गल्लीत भाजीवाला ओरडत होता. तिकडेच बघत म्हणाले, "मी तेव्हा बोललो असतो तर तू मला घराबाहेर काढलं असतंस."

"म्हणून त्याला काढू दिलंत?"

यावर व्यवस्था नव्हती त्यांच्याकडे.

रोजचा वास ग्लासात औषधाचा होता, भाऊ समोर दिसल्याबरोबर तो दारूचा झाला. नाक माझं बरोबर होतं. माणूस ओळखायचा चुकला. आणि हे माझ्याकडून कोणी दुसऱ्याने करवून घेतलं नाही, हेही त्या संध्याकाळी कळलं, पण ते कबूल करायला मला आणखी दोन दिवस लागले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ह्यांच्यासमोर फोन ठेवला. "लावा. तुम्ही सांगायचं, मी नाही." पुतणीने नंबर जुळवून दिला आणि स्पीकर लावला. भावाचा आवाज आला, म्हातारा झालेला. ह्यांनी घसा साफ केला आणि सांगितलं. फिरवून फिरवून, पण सांगितलं.

मग भाऊ म्हणाला, "जिजाजी, मला तेव्हाच कळलं होतं. पिणाऱ्याला पिणारा लगेच कळतो."

मी फोनवर वाकले. "मग बोलला का नाहीस रे? माझ्या तोंडावर सांगायचं होतंस!"

"काय सांगायचं? मी परतीच्या गाडीने जाणार होतो. तुला त्याच घरात राहायचं होतं."

मला वाटलं, सुटले. किती समजूतदार आहे माझा भाऊ. मी रडत म्हटलं, "मला माफ कर." तर तो म्हणाला, "ताई, जिजाजींचा मला राग नाही. त्यांनी स्वतःला वाचवलं, माणसं वाचवतात. राग तुझा आहे. दोन पावलं पुढे येऊन माझ्या तोंडाचा वास घेतला असतास तर कळलं असतं. तू जागची हलली नाहीस. तुला आधीच माहीत होतं, मी खोटा आहे म्हणून."

तो ये म्हणाला नाही, येऊ नको म्हणाला नाही. "बघू," म्हणाला आणि फोन ठेवला.

मी पिशवी भरली. हे दारात येऊन उभे राहिले. "मी येऊ?"

"नको."

"मग माझं... जेवणाचं?"

"खालची बाई डबा देईल, सांगून ठेवलंय."

"आणि..." फळीकडे बघून थांबले.

"बाटल्या तिथेच आहेत. फेकल्या नाहीत मी. प्यायचं असेल तर हाताने घ्या. गंगेसमोर दिलेली शपथ स्वतः मोडा. माझ्याकडून मोडून घेऊ नका."

पुतणी स्टेशनपर्यंत पोचवायला आली. वाटेत तिने विचारलं, "काकू, राग माझा आला का?" मी म्हटलं, तुझा का येईल? तू तर खरं नाव सांगितलंस.

ग्वाल्हेरला भावाचं घर तळमजल्यावर, पुढे दोन पायऱ्या. कळवलं नव्हतं. दार त्यानेच उघडलं. चष्मा कपाळावर, बोटांना रंग, पाठीत वाकलेला. दारात हात आडवा टाकून उभा राहिला, मला वाटतं मुद्दाम. मी पायऱ्यांखाली, हातात पिशवी.

"आधी वास घे," तो म्हणाला.

"काय रे हे..."

"घे. मग आत."

मी पायऱ्या चढले. चवड्यांवर उंच झाले आणि त्याच्या तोंडाजवळ नाक नेलं. त्याने लहान मुलासारखा हा करून श्वास सोडला. चहाचा वास होता, आल्याचा. आणि दातांच्या कवळीचा थोडासा. मी तशीच उभी राहिले, वाटलं तेवढा वेळ. मागे रस्त्यावरून कोणी सायकलवाला जाता जाता आमच्याकडे बघत गेला असणार.

मग भावाने आडवा हात काढला. दर भाऊबीजेला दारात वाकून पाया पडायचा. आज वाकला नाही. मी त्या नमस्काराची वाट पाहिली नाही. चपला काढल्या, पिशवी स्वतःच उचलली आणि आत गेले.